लाल मासा काळा का पडला

"काळा पडला! काळा पडला!"

धक्क्यावर एकच गलका उठला. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवर चढले, पुढचे पाण्यात पडता पडता वाचले, आणि बर्फवाल्याने आपली गाडी भर उन्हात तशीच सोडून गर्दीत डोकं खुपसलं. गाडीतून पाण्याची धार लागली होती, पण शुद्ध कुणाला! धक्क्याच्या टोकाला एक नाव बांधलेली, नावेत पाणीबाबा मांडी घालून बसलेले, आणि त्यांच्या हातातल्या दोराच्या खालच्या टोकाला, खोल पाण्यात, वजन बांधलेला लाकडाचा एक मासा लोंबत होता. गळाला लावतात तसला, खोटा. पाण्यात शिरताना तो लालभडक होता. आता पेटीतून बघावं तर कोळसा.

पेटी म्हणजे काही जादूची नव्हे. साधं लाकडी खोकं, तळाला काच बसवलेली. पाण्यावर टेकवून वरून डोळा लावला की लाटा मध्ये येत नाहीत आणि खालचं स्वच्छ दिसतं. धक्क्याच्या मुकादमाने डोळा लावला आणि तसाच वळला. "आईशप्पथ! काळा ठिक्कर!"

"हाताने रंगवलं ते लाल," बाबांनी सूर लावला. "मनात होतं ते काळं. पाण्याला फसवता येत नाही, लेकरांनो. पाणी आरसा आहे. पाणी साक्षी आहे. पाणी माउली आहे. पाणी..."

"पाणी पाणी आहे," मागून एक बाई पुटपुटल्या.

ह्या बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. पोरं बाई म्हणत म्हणून सगळा गावच बाई म्हणे. त्या एका जागी उभ्या राहतील तर शपथ. वर्गातसुद्धा फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत शिकवायच्या. आज तर गर्दीमुळे पाय हलवायला जागा नव्हती, म्हणून नुसती ओढणी पिळत उभ्या होत्या. कारण पाण्यात लोंबणारा तो मासा त्यांच्या वहिनीने रंगवलेला होता.

त्या तळ्यावरचा प्रत्येक नावाडी वर्षानुवर्षं बाईंच्या वहिनीकडचाच खोटा मासा गळाला बांधत आला होता. आणि मासा हवा तो लालच. लाल म्हणजे रक्त, रक्त दिसलं की मासा झेपावतो, असं प्रत्येकाच्या बापाने प्रत्येकाला सांगितलेलं. उन्हात हातात धरला की काय देखणा दिसायचा! माशाला तो कसा दिसतो, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. मासा थोडाच येऊन तक्रार करणार होता?

यंदा उन्हाळा भयंकर पडला आणि गळ रिकामे यायला लागले. नावाडी शिव्या देत सकाळी जात, शिव्या देत दुपारी परत येत. नेमके तेव्हाच पाणीबाबा उगवले. कुठून आले, कुणी विचारलं नाही. त्यांच्याकडे नारिंगी रंगाची एक सिद्ध पूड होती. ती चोपडलेले मासे ते स्वतः विकत. "हा बांध, सगळा दोर सोड, आणि माझं नाव घे," म्हणत. आणि गंमत म्हणजे, मासे लागत होते! खोटं कशाला बोला, चांगले भरदार मासे लागत होते. आता ज्याच्या गळाला मासा लागतो त्याच्यासमोर बाबांना भोंदू म्हणून बघा, टाळकंच सडकेल तो.

"माझी टोपी बघा ना, बाबा!" बर्फवाल्याने डोक्यावरची लाल टोपी पुढे केली. बाबांनी ती दोराला बांधली, हातभर खाली सोडली. लालच राहिली. बर्फवाला नाचायचाच बाकी. "निर्मळ माणूस," बाबा म्हणाले, आणि बर्फवाल्याने तिथल्या तिथे पुडीभर पूड घेतली.

मग बाबांनी डोळे मिटले. "ज्या हाताने हा मासा रंगवला, त्या बाईच्या नजरेत काळं आहे. तिच्या नजरेने तळं बाटलं. ती इथे आहे तोवर मासा वर येणार नाही."

गर्दीतल्या सगळ्या माना एकदम एकाच दिशेला वळल्या. धक्क्याच्या कडेला बाईंचा भाऊ उभा होता, आपल्या नावेचा दोर हातात धरून. तो कुणाकडेच बघत नव्हता.

मुकादमाने निकाल देऊन टाकला. रविवारी सकाळी तिचे सगळे मासे धक्क्यावर जाळायचे आणि तिला कायमची माहेरी पोचवायची. नाहीतर ह्या भावाने आपली नाव दुसरीकडे कुठेतरी लावावी. तळ्याला दुसरा धक्का नव्हता.

संध्याकाळी घरात बाई स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून स्वयंपाकघरात नुसत्या फिरत होत्या.

"दादा, तू एक शब्द बोलला नाहीस!"

"काय बोलू? मी स्वतः डोळा लावून पाहिलं, धाकटे. काळा होता."

"बाबांनी काहीतरी लावलं असेल त्याला. औषध, रसायन, काहीतरी!"

"वर काढला तर पुन्हा लाल. असं कुठलं औषध असतं ग? तू विज्ञानाची बाई ना? सांग."

बाई तरातरा पडवीत गेल्या आणि परत आल्या. त्यांचा जळफळाट झाला. वहिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, जेवून घ्या. फिरून पोट भरत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेला दांडी मारली आणि कपाटातला नवा कोरा लाल रुमाल घेऊन तडक धक्का गाठला. तरातरा नावेत चढल्या. "तुमचा मासा नको, तुमचा दोर नको, तुमचं वजनही नको. रुमाल माझा, दगड माझा, सुतळी माझी. सोडणारही मीच!"

"सोडा की, माई," बाबा गोड हसले. "सगळी सोडा. संकोच कशाला?"

बाईंनी सुतळी सोडली. चार पुरुष, म्हणजे एकावर एक चार माणसं उभी राहतील एवढी, खोल गेली. मग पेटीला डोळा लावला. पाणी हिरवंगार होतं, आणि त्यात, तळाशी, त्यांचा स्वतःचा, कपाटातला, घडीवरचा रुमाल काळा होता. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पुन्हा बघितलं. काळाच.

"घरालाच लागलंय!" बाबांनी हात वर केले. "बघा रे, नणंदेलाही लागलं!"

धक्का हसला. शाळेतली दोन पोरं पेटीशी झोंबत होती, तीही हसली, हे बाईंना जास्त लागलं. रुमाल वर काढला तर लाल, जसाच्या तसा, वर पाणी ठिबकत होतं. तो पिळत त्या घरी आल्या. रस्ताभर मनात एकच, की आपण माती खाल्ली, आता दादाच्या घराची उरलीसुरली अब्रूही आपणच घालवली. रागाने डोळ्यांत पाणी आलं. बाबांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्या रुमालाचा आला.

घरी वहिनी ट्रंक भरत होती. रडत नव्हती. एकेक कपडा झटकून, घडी करून, ठेवत होती.

"हे काय, वहिनी?"

"रविवारी घाई नको." तिने वर बघितलं नाही. "वन्सं, नुसत्या येरझारा घालू नका. डोकं फिरतं माझं. त्यापेक्षा शेडमधून लाल मासे काढून आणा. जाळायचेच आहेत तर मीच देईन नेऊन. कुणाच्या घाणेरड्या हातात नको जायला."

शेड घराला लागूनच होती. तिथे दोरीवर रंगवलेले मासे वाळत. मागच्या वादळात छप्पर उडालं होतं, म्हणून दादाने वर आणि चारी बाजूंनी जाड हिरवी ताडपत्री ताणली होती. भर दुपारी आतला उजेड हिरवागार. बाई आत शिरल्या, दोरीवर बघितलं. लाल मासे कुठेच नव्हते! ओळीने नुसते काळे मासे टांगलेले.

"वहिनी! लाल कुठायत?"

"दोरीवरच आहेत की!"

"इथे सगळे काळेच आहेत!"

"अहो, तेच ते! बाहेर आणा म्हणजे दिसतील!"

बाईंनी एक मासा ओरबाडला आणि बाहेर आल्या. उन्हात आल्याबरोबर मासा लालभडक. बाई जागच्या जागी थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा, असं म्हटलं तरी चालेल. मग मागे गेल्या, आत. काळा. बाहेर. लाल. आत, बाहेर, आत, बाहेर. शेवटी हातातला मासा नाचवत त्या इतक्या जोरात हसायला लागल्या की वहिनी धावत आली. तिला वाटलं, झालं, हिचंही डोकं गेलं.

"वहिनी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"काय? शेडमध्ये लाल रंग मेला कळतच नाही, हे? म्हणून तर मी रंगवते ओट्यावर."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाईंनी तिला मिठीच मारली. मग कपाळावर हात मारून घेतला. दरवर्षी आठवीच्या पोरांना हेच त्या शिकवत होत्या! सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. लाल वस्तू लाल दिसते कारण ती त्यातला लाल उजेड आपल्याकडे परत फेकते. ताडपत्री फक्त हिरवा आत सोडते. लाल उजेड आतच येत नसेल तर मासा परत काय फेकणार, कपाळ? तळ्याचं पाणीही हेच करतं. खाली जाता जाता ते आधी लाल उजेड गिळून टाकतं, आणि चार पुरुषांवर उरतो तो हिरवाच. रुमालाला काही लागलं नव्हतं. फळ्यावर लिहिलेलं बाईंनी तळ्यात नेलंच नव्हतं, एवढंच.

"पण बाबांची पूड काळी पडत नाही ती?" वहिनीने विचारलं.

बाईंच्या हसण्याला ब्रेक लागला. "ती मिळायला हवी."

दारात दादा उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्याने खिशात हात घातला आणि एक पुडी काढून पुढे केली. तिच्याकडे बघून वहिनीचा चेहरा उतरला.

"कुणासाठी आणली होती?" तिने विचारलं.

दादाने पुडी मुठीत मिटली.

"माझ्या उशाशी ठेवायला? नजरेतलं काळं जावं म्हणून?"

तो मान खाली घालून उभा राहिला. वहिनी आत निघून गेली. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

रविवारी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीचे मासे एका पाटीत रचलेले, शेजारी रॉकेलचा डबा. वहिनी ट्रंकेवर बसून होती, जणू बसची वाट बघते आहे. दादा आणि बाई ताडपत्रीची भलीमोठी गुंडाळी खांद्यावर घेऊन आले, तेव्हा कुणी विचारलं, "बाई, मांडव घालताय की काय?"

"घालतेय," बाई म्हणाल्या. "पण आधी बाबांना एक विनंती आहे. माझा रुमाल काळा पडला. वहिनीचा मासा काळा पडला. आता सगळ्यांना बाबांचं तेज बघायचंय. बाबांच्या गळ्यातला लाल शेला सोडावा."

बाबांनी शेल्यावर हात ठेवला. "शेल्याची परीक्षा घ्यायची नसते, माई."

"अहो, परीक्षा कसली!" बर्फवाला भक्तीने अगदी विरघळला होता. "बाबांचा शेला तर खाली आणखीनच लाल होईल! सोडा बाबा, सोडा! ह्यांची तोंडं एकदाची बंद होऊ देत!"

"सोडा! सोडा!" सगळा धक्का ओरडायला लागला. सगळे भक्तच होते. भक्तांना नाही म्हणणं बाबांना परवडणारं नव्हतं. त्यांनी शेला दोराला बांधला आणि हातभर खाली सोडला. "पाहा. लाल!"

"दोर मी धरते," म्हणत बाईंनी त्यांच्या हातातला दोर घेतला आणि भराभर सोडला. "वहिनीच्या माशाला दिला होतात तेवढा. मुकादम, बघा."

मुकादमाने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय दिसतंय?" बर्फवाल्याला दम धरवेना.

"काळा," मुकादम हळूच म्हणाला.

बाबा कसलेले. पापणीही लवली नाही त्यांची. "तुमची पापं मी शेल्यावर ओढून घेतली!"

"असं? मग ह्या पापाची खोली तरी बघू." बाई दोर हाताहाताने वर घ्यायला लागल्या. "मुकादम, डोळा काढू नका. बोलत राहा."

"काळा... काळाच... आता जरा तपकिरी... थांबा... लालसर... लाल! लाल झाला!"

"आता पुन्हा सोडते."

"लाल... तपकिरी... काळा." मुकादमाचा आवाज बदलला होता. "अहो, हे तर दोरावर आहे सगळं!"

"निर्मळ माणसाला हातभर दोर," बाई बर्फवाल्याकडे वळल्या, "आणि ज्या बाईच्या मालाशी धंद्यात गाठ पडते तिला चार पुरुष. पाप दोराएवढंच खोल होतं. तुमची टोपी सोडू का खालपर्यंत?"

बर्फवाल्याने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आता मांडव!" बाई ओरडल्या. दादाने आणि शाळेतल्या पोरांनी ताडपत्री ताणून सगळ्या गर्दीच्या डोक्यावर धरली, कडा खाली सोडल्या. धक्का हिरवा झाला. "हे तळ्याचं पोट समजा. एकमेकांची तोंडं बघा. जिभा काढा जिभा!"

आधी कुणीतरी लाजत जीभ काढली. मग दुसऱ्याने. आणि मग ताडपत्रीखाली जो काही आरडाओरडा झाला तो विचारू नका. "तुझी काळी!" "तुझीच काळी, मेल्या!" "मुकादमाचं लाल मुंडासं बघा, काळं!" वहिनीच्या पाटीतले मासे काळे, बाबांचे ओठ काळे, बर्फवाल्याची टोपी काळी. गर्दीत लपलेल्या एका नव्या नवरीने ओठांना लाली लावली होती, ती तर तोंड झाकून खालीच बसली.

"सगळ्यांची नजर काळी आहे का रे?" बाईंनी विचारलं. "मग सगळ्या गावालाच माहेरी पोचवायला हवं."

एकच गोष्ट त्या हिरव्या उजेडात पेटल्यासारखी चमकत होती. बाबांची नारिंगी पूड.

"बघा!" बाबांना धीर आला. "ती विझत नाही!"

"नाही विझत. दादा, ते घेऊन ये."

धक्क्याच्या खांबाला, बुडत्याला फेकायला म्हणून, एक गोल तरंगतं कडं कायमचं टांगलेलं असतं. नवंकोरं, नारिंगी. दादाने ते ताडपत्रीखाली आणलं आणि पुडीशेजारी धरलं. दोन्ही सारखीच पेटली.

"हे कडं कुणी सिद्ध केलं?" बाईंनी विचारलं. "नगरपालिकेने? ह्या रंगात एक गुण असतो. तो हिरवा, निळा उजेड पितो आणि स्वतःचा नारिंगी उजेड बाहेर टाकतो. रंगाच्या दुकानात मिळतो. यंदा वरचं पाणी तापलं म्हणून मासे गार पाण्यात, खाली गेले. तिथे आपला लाल मासा म्हणजे अंधारात काळी मांजर, त्यांना दिसतच नव्हता. हा चमकता रंग दिसतो, म्हणून लागतात. मंत्राने नाही लागत. माशाला कान असले तरी त्याला तुमचं नाव कशाला ऐकायचंय, बाबा? त्याला फक्त काहीतरी उठून दिसायला हवं, हलायला हवं."

कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी शिवी दिली, आणि ताडपत्री खाली आली तेव्हा बाबांची नाव सुटलेली होती. शेला दोरालाच राहिला.

मुकादमाने रॉकेलचा डबा पायाने बाजूला सारला, घसा खाकरला. "मग... वहिनींनी राहायला हरकत नाही आता."

"हरकत?" बाई उसळल्या. पण त्यांच्या आधी वहिनी ट्रंकेवरून उठली. ती मुकादमाकडे गेलीच नाही. दादासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही पेटीतून पाहिलंत," ती म्हणाली. "माझा मासा काळा दिसला. लगेच खरं वाटलं. इतकी वर्षं मी रोज समोर बसते, तिथे एकदा नीट पाहावंसं नाही वाटलं?"

दादाचा चेहरा पडला. सगळ्या गावासमोर रडला तो, आणि पुसायलाही विसरला. वहिनीने बराच वेळ त्याला तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "ट्रंक उचला. जड आहे." तो ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागला. ती मागून चालली, बरोबरीने नाही. बाईंना वाटलं होतं, सगळं पुन्हा जागच्या जागी येईल. ते लगेच यायचं नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. शेला काय, दोर काय, गाव दुपारपर्यंत विसरतं. नवऱ्याने उशाशी ठेवायला आणलेली पुडी बायको विसरत नाही.

आता वहिनी शेडमध्येच रंगवते. ताडपत्रीच्या हिरव्या उजेडात. जो रंग तिथे उठून दिसतो तोच माशावर चढवते: पिवळट चमकता, पाठीवर पांढरा पट्टा, पोट काळं, म्हणजे खालून आणि वरून दोन्हीकडून दिसावं. पाट्या माशांनी भरून वाहतात असं नाही, पण गळ रिकामे येत नाहीत. दादा तिच्या शेजारी बसून लाकूड तासतो. हल्ली तो तिला विचारतो, हा कसा दिसतो ग, आणि ती सांगते.

परवा मुकादम आला. "तो जुना लालच दे एक. सवय झालीय डोळ्यांना."

"लाल तुमच्या डोळ्यांसाठी आहे," वहिनी म्हणाली. "घ्यायचाच तर घरात टांगा. मासा तुमच्या डोळ्यांनी बघत नाही."

बाई तेव्हा शेडच्या दारात फेऱ्या मारत होत्या. दोराला राहिलेला बाबांचा तो शेला आता त्यांच्या वर्गात असतो. दरवर्षी पोरांना घेऊन त्या धक्क्यावर जातात, शेला खाली सोडतात, पेटी हातोहात फिरवतात. पोरं ओरडतात, "काळा पडला!" मग बाई त्यांना एकच धडा देतात, आणि तो आपल्यालाही देऊन ठेवते ही गोष्ट. कुणी तुम्हाला काही अद्भुत दाखवलं तर डोळे मिटू नका, चांगले उघडे ठेवा. फक्त कुणाला पापी म्हणण्याआधी, कुणाला घराबाहेर काढण्याआधी, दोर किती सोडलाय ते विचारा.